काळूच्या नावाने वर्गणी काढा, पण फलकासाठी नको!

मासवणकरांनो, जरा स्पष्टच बोलतो. राग आला तरी चालेल.

आपल्या नाक्यावरचा काळू गेला. रात्रपाळीहून येणाऱ्याला दारापर्यंत सोडणारा कुत्रा, कोणाला वाईट नाही वाटणार? आता त्याच्या चौथऱ्यासाठी वर्गणी सुरू झालीय. मी पैसे देणार, पण दगडाला नाही.

रायगडावर वाघ्याची समाधी १९३६ पासून आहे, तिच्यावरून आजही भांडणं चालूच. मुंबईत १९९३ साली आरडीएक्स हुंगून काढणारा झंजीर मात्र त्याच्या कामामुळे लक्षात राहिला.

रेबीजची लक्षणं दिसली की माणूस सहसा वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ७० टक्के कुत्र्यांना लस द्या, साखळी तुटते. म्हणजे दहातले सात. सूर्येकाठच्या आपल्या गावाला एवढंही जमणार नाही?

"हे सरकारचं काम" म्हणाल. आहेच! पण कुत्री ओळखतो कोण, धरतो कोण? आपणच ना?

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी दरवर्षी काळूच्या नावाने लसीकरण करू. हिशेब नाक्यावर लावा. माझे पाचशे पहिले.

बोला, कोण कोण येतंय?