निळी बाटली नंतर, आधी रक्ताची तपासणी

मागच्या वर्षावासात प्रवचन संपल्यावर विहाराच्या पायरीवर एक ताई माझी वाट बघत उभी होती. कडेवर चार महिन्यांचं बाळ. तिने पिशवीतून बोटाएवढी बाटली काढली. आत निळंशार पाणी.

"सिस्टर, याला कॉपर पेप्टाइड म्हणतात. पार्लरवाल्या बाईने दिलंय. डोक्याला लावायचं आणि वरून सुयांचा रोलर फिरवायचा. सहा सिटिंगचे साडेसात हजार सांगितलेत. बचत गटातून उचलू का?"

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक होती. म्हटलं, "बाई गं, पैसे उचलू नकोस. उद्या सकाळी दवाखान्यात जा, रक्त तपासून ये." हिमोग्लोबिन निघालं 8.4. बारा तरी हवं होतं.

हल्ली हे कॉपर पेप्टाइड वस्तीतल्या पार्लरपर्यंत आणि पोरांच्या मोबाईलपर्यंत पोचलं आहे. सुरकुत्या जातात, विरळ केस दाट होतात, असं सांगितलं जातं. म्हणून त्याबद्दल नीट बोललं पाहिजे.

आधी त्याची बाजू. कॉपर म्हणजे तांबं आणि पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. 1973 साली अमेरिकेतल्या लॉरेन पिकार्ट या संशोधकाने माणसाच्या रक्तद्रवात तीन अमायनो आम्लांचा एक तुकडा शोधला. तो तांब्याला घट्ट धरून ठेवतो. त्वचेला ताण सहन करायची ताकद देणारे कोलॅजनचे धागे एकमेकांत नीट विणले जायला शरीराला तांबं लागतंच. तेव्हा ही कल्पना म्हणजे कुणा भोंदूने उठवलेली आवई नाही, तिच्यामागे खरं संशोधन आहे.

पण कल्पना चांगली असणं वेगळं आणि गुण येणं वेगळं. चेहऱ्याच्या क्रीमच्या ज्या चाचण्या झाल्या, त्या लहान होत्या. त्यातल्या एका नावाजलेल्या चाचणीत सत्तरच्या आसपास बायका होत्या आणि मुदत बारा आठवड्यांची. बारीक सुरकुत्या थोड्या कमी दिसल्या, त्वचा जरा मऊ झाली, इतकंच. केसांच्या बाबतीत तर बरंचसं काम प्रयोगशाळेत, केसांच्या मुळांच्या पेशींवर झालेलं आहे. काचेच्या बशीतली पेशी वाढली म्हणून डोक्यावरचा केस वाढेलच असं नाही. केस उगवण्याचं औषध म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कॉपर पेप्टाइडला मान्यता दिलेली नाही. मिनॉक्सिडिल नावाच्या डोक्याला लावायच्या औषधाला ती 1988 सालीच मिळाली.

मग "मला गुण आला" असं सांगणाऱ्या बाया खोटं बोलतात का? मुळीच नाही. गोम इथेच आहे. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन किंवा उपासमार झाली की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात. बाई घाबरते आणि नेमकी त्याच वेळी बाटली विकत घेते. पण ही गळती काही महिन्यांत बहुतेक वेळा आपोआप थांबते. बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेक आयांचे केस पूर्ववत होतात. केस परत येतात शरीरामुळे आणि नाव होतं बाटलीचं! त्या ताईने साडेसात हजार भरले असते, तर आज तिनेही शेजारच्या चौघींना तीच बाटली घ्यायला सांगितलं असतं. आणि 8.4 हिमोग्लोबिन तसंच अंगात राहिलं असतं. धाप, चक्कर, अंगावर पिणारं बाळ, हे सगळं त्या निळ्या पाण्यामागे झाकून गेलं असतं.

माझा खरा आक्षेप आहे तो इथे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. केस गळणं हे पुष्कळदा शरीराने आपल्याला दिलेलं कळवणं असतं. ते न वाचता आपण वरून तेल, सीरम, रोलर लावत बसतो.

दुसरा आक्षेप सुयांवर. बाटलीतलं पाणी निरुपद्रवी असेलही, पण रोलरच्या सुया कातडीला भोकं पाडतात. एकीचा रोलर दुसरीला वापरला तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही, तिन्ही जाऊ शकतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका बिनपरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर सुया टोचून रक्तातला घटक लावत असत. तिथे गेलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने 2024 साली जाहीर केलं. औषध कुठलंही असो, सुई तीच. डॉक्टर नसलेल्या कुणाच्याही हातून डोक्यात किंवा चेहऱ्यावर काहीही टोचून घेऊ नका.

तिसरी गोष्ट, घरगुती डोकं चालवू नका. "तांब्यानेच केस येतात ना, मग मोरचूद तेलात घालू" असं एका भावाने मला विचारलं. मोरचूदही निळं आणि तांब्याचंच, पण ते विष आहे. बागेवर फवारतात ते. कातडी भाजते, पोटात गेलं तर जिवावर बेततं. आणि तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन टक्कल भरत नाही.

काही जण म्हणतील, पोटाला पुरत नाही तिथे केसांचे नि सुरकुत्यांचे चोचले कशाला? हे मला मान्य नाही. दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी, लग्न ठरायचं असलेला मुलगा, आजारातून उठलेली आई, यांच्यासाठी केस म्हणजे मान वर करून चालणं असतं. ही इच्छा खोटी नाही, म्हणून तर तिला खरं उत्तर मिळालं पाहिजे. आपल्या माणसांना पॅकेज विकायला सगळे तयार असतात, आजार ओळखायला मात्र कुणाला वेळ नसतो.

तर मग करायचं काय? दिवसाला पन्नास-शंभर केस गळणं नेहमीचंच, त्याची धास्ती घेऊ नका. जास्त गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांनी सांगितलं तर थायरॉइड तपासा. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आशाताईंना विचारा. रक्त कमी निघालं तर डोस किती तो डॉक्टर ठरवतील. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. भांग हळूहळू रुंद होत असेल, कपाळ वर सरकत असेल किंवा चाई पडली असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. मिनॉक्सिडिल दिलं तर चार-सहा महिने धीर धरा. सुरुवातीला गळती थोडी वाढू शकते आणि औषध बंद केलं की फायदाही जातो. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते मनाने लावू नये.

त्वचेचं म्हणाल तर तिला लवकर म्हातारी करतात ऊन आणि तंबाखू. झाडू मारताना, बांधकामावर, भाजीच्या गाडीवर डोक्याला पदर किंवा रुंद टोपी घ्या. मिश्री नि विडी सोडा. याला बाटली लागत नाही.

एवढं करून हातात पैसे उरले आणि चेहऱ्याला कॉपर पेप्टाइडचं क्रीम लावावंसं वाटलं, तर जरूर लावा. बाटलीवर कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख आहे का ते बघा. खाज सुटली, लाल झालं तर थांबा. फक्त त्यासाठी कर्ज काढू नका.

ती ताई परवा भेटली. हिमोग्लोबिन 11.2 झालंय, कपाळाजवळ बोटभर नवे केस उभे राहिलेत. म्हणाली, "सिस्टर, गोळ्यांनी आले ना?" मी म्हटलं, "केस बहुधा आपले आपणच आले असते गं. गोळ्यांनी तुझी धाप गेली, ते बघ."