जुन्या खेळमालिकेची सुरुवात कोठून करावी?



शाळांना सुट्टी लागली की मुलांच्या हातातील मोबाइल काढून घ्यावा की राहू द्यावा, हा विषय गुलमंडीपासून सिडकोपर्यंत आपल्या घराघरांत निघतो. मोबाइल द्यायचाच असेल, तर त्यावर काय खेळावे हे वडीलधाऱ्यांनी पाहून, पारखून द्यावे, असे माझे मत आहे. दुकानात माल भरताना आपण जी पारख करतो तीच येथेही करावी. आजच्या सदरात 'ड्रॅगन क्वेस्ट' या जुन्या जपानी खेळमालिकेचा विचार करू. नातवाच्या संगतीने मी तिचे काही भाग पूर्ण पाहिले आहेत. मालिकेचे मुख्य भाग अकरा आहेत. त्यामुळे आरंभ कोणत्या भागापासून करावा, येथेच बहुतेकांचे पाऊल अडखळते.

प्रथम खेळाचा प्रकार समजून घेऊ. खेळणारा एका कथेतील पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलून माहिती मिळवतो आणि वाटेत राक्षसी प्राणी आडवे आले तर त्यांच्याशी सामना करतो. हा सामना पाळीपाळीने चालतो. आपली चाल ठरेपर्यंत पडदा वाट पाहत थांबतो. बोटांच्या चपळाईला तेथे किंमत नाही, विचाराला आहे. पाळीने खेळण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. पर्युषणात खेळली जाणारी चौऱ्याऐंशी घरांची ज्ञानचौपड आपल्यापैकी अनेकांनी ऐकली वा पाहिली असेल. तेथेही सोंगटी म्हणजे जीव, आणि त्याचा प्रवास पायरीपायरीने होतो.

या मालिकेचा पहिला भाग एनिक्स कंपनीने २७ मे १९८६ रोजी जपानात आणला. रचना युजी होरिई यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. व्यापारी माणसाला स्वाभाविकपणे वाटते की, खाते पहिल्या पानापासून वाचावे. येथे मात्र तशी गरज नाही. बहुतेक प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र आहे. मागील बाकी पुढे ओढलेली नसते. पहिले तीन भाग एका कथासूत्रात गुंफलेले आहेत, आणि त्यातही १९८८ मध्ये आलेला तिसरा भाग कथेच्या कालक्रमाने सर्वांत आधीचा आहे. पहिल्या भागात नायक एकटा, समोर शत्रूही एका वेळी एकच. बळ वाढवण्यासाठी तेच ते सामने पुनःपुन्हा करावे लागतात. इतिहास म्हणून त्याचे मोल मोठे असले, तरी नवख्या मुलाचा त्यात जीव रमणे कठीण.

तिसऱ्या भागात दोन गोष्टी अशा आहेत की, आपल्या घरांतील मुलांनी त्या अवश्य पाहाव्यात. पहिली म्हणजे बँक. या खेळात सामना हरला की जवळची निम्मी नाणी जातात. बँकेत ठेवलेली रक्कम मात्र सुरक्षित राहते. ठेव हजाराच्या पटीतच स्वीकारली जाते आणि व्याज एक पैचे मिळत नाही. तरीही सगळी रोकड गल्ल्यात ठेवून वावरू नये, हा धडा मूल एका हरण्यात शिकते. आम्ही बँकेच्या खिडकीत बसून ग्राहकांना तो वर्षानुवर्षे सांगत आलो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ओसाड जागी गाव वसवू पाहणारा एक वृद्ध नायकाकडे व्यापारी मागतो. आपण आपल्या सोबत्यांपैकी एक व्यापारी तेथे ठेवून पुढे जायचे. पुन्हा जावे तर दुकाने उभी राहिलेली दिसतात, आणखी काही काळाने भरभराटीचे नगर दिसते. परंतु त्या व्यापाऱ्याला संपत्तीचा मद चढतो, तो लोकांना राबवू लागतो आणि अखेर नगरवासी त्यालाच कोठडीत टाकतात. परिग्रहाला मर्यादा का हवी, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

असे असूनही माझ्या मते आरंभ चौथ्या भागापासून करावा. १९९० मध्ये आलेल्या या भागाची पाच प्रकरणे आहेत आणि पहिली चार लहान असून प्रत्येकाचा नायक निराळा आहे. एक प्रकरण संपले की थांबायला हक्काची जागा मिळते. तिसऱ्या प्रकरणाचा नायक तर टॉर्नेको नावाचा स्थूल, कुटुंबवत्सल व्यापारी आहे. तो आरंभी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो. गिऱ्हाईक येते, भाव विचारते, कधी घेते, कधी तसेच निघून जाते. दिवसाच्या विक्रीवर त्याचा मोबदला ठरतो. तो पै-पै साठवतो, स्वस्त मिळेल तेथे माल घेतो, दूर नेऊन विकतो आणि शेवटी राजधानीत पस्तीस हजार नाण्यांना स्वतःचे दुकान विकत घेतो. पुढे त्याची पत्नी ते दुकान चालवते आणि नवऱ्याने आणलेला माल इतरांपेक्षा चढ्या भावाने विकून दाखवते! आपल्या अनेक पेढ्यांची जुनी हकीकत याहून फारशी वेगळी नाही. तिसऱ्या भागातील मदांध व्यापारी आणि चौथ्यातील हा कष्टाळू दुकानदार, या दोघांना शेजारी ठेवून घरात बोलणे झाले तर खेळावर गेलेला वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

चौथ्यानंतर पाचवा भाग घ्यावा. १९९२ मधील या कथेत नायक वडिलांचे बोट धरून निघालेला लहान मुलगा असतो. पुढे तो तरुण होतो, त्याचा विवाह होतो आणि तो स्वतः पिता होतो. शिवाय सामन्यात हरलेले काही प्राणी वैर सोडून त्याचे सोबती बनतात. अहिंसेचा संस्कार असलेल्या मुलाला हे विशेष भावते.

आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लढाया सर्वच भागांत आहेत. टॉर्नेकोचे दुकान शस्त्रांचे आहे आणि आपल्या आचारात विषवाणिज्य या कर्मादानात शस्त्रांचा व्यापारही धरला जातो. चौथ्या व पाचव्या भागांत जुगारघर आहे. तेथे खऱ्या पैशाचा संबंध नाही, तरी द्यूत हे सप्तव्यसनांपैकी एक आहे हे मुलाला माहीत असावे. पडद्यावरील लढाईत प्रत्यक्ष जीव मरत नाही. परंतु भाव कसा ठेवावा, हा प्रश्न उरतोच. या गोष्टी लपवण्यापेक्षा मुलाशेजारी बसून बोलाव्यात. 'तू टॉर्नेकोच्या जागी असतास तर कोणता माल ठेवला असतास?' एवढा एक प्रश्न पुरे.

पैशाचे म्हणाल तर या मालिकेतील जुने भाग मोबाइलवर एकदाच किंमत देऊन घेता येतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निराळे. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. हा फरक पालकांनी नीट ध्यानात ठेवावा. भाषा इंग्रजी असून वाचन पुष्कळ आहे. चौथ्या भागाच्या पहिल्या दोन प्रकरणांत पात्रांचे बोलणे प्रांतिक उच्चारांप्रमाणे मोडून लिहिले आहे. तेथे मूल अडखळेल. दोन प्रकरणे धीराने पार केली की व्यापारी भेटतो, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

वेळेचा हिशेब असा: चौथा भाग पुरा होण्यास सुमारे तीस तास लागतात. रोज पाऊण तास दिला तर चाळीस दिवस, म्हणजे एक उन्हाळी सुट्टी. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी क्रम असा ठेवावा: या सुट्टीत चौथा, पुढच्या सुट्टीत पाचवा, नंतर तिसरा. एवढे झाल्यावर कुतूहल उरलेच, तर पहिला आणि दुसरा इतिहास म्हणून पाहावेत. घरात संगणक किंवा खेळाचे यंत्र असेल, तर तिसऱ्या भागाची २०२४ मध्ये आलेली नवी, देखणी आवृत्तीही घेता येईल.

रोजचा पाऊण तास संपला की मुलाला एका वहीत जमा-खर्च लिहायला सांगावे: आज किती नाणी मिळवली, किती खर्चली, बँकेत किती ठेवली. सुट्टीच्या अखेरीस ती वही आजोबांनी तपासावी. गल्ल्यावर बसण्याआधीची ती त्याची पहिली रोजकीर्द ठरेल.