खारबांध कुणाचा?



जळगावच्या बैठकीत समुद्राचा विषय कशाला, असे पुष्कळांना वाटेल. आपल्याला तापीचा पूर ठाऊक, उधाण नाही. पण पांझरेकाठचा फड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अलिबाग-पेणची गोष्ट नवी वाटणार नाही. फक्त तिथले पाणी खारे आहे.

तिथल्या शेतकऱ्याने खाडीच्या चिखलाचा बांध घालून भातजमीन मिळवली. बांधाला उघाडी ठेवली. ओहोटीला तिचे दार उघडते, पावसाचे पाणी बाहेर जाते. भरती आली की पाण्याच्याच दाबाने ते मिटते. टेंडर नव्हते, इंजिनियर नव्हता. खांड पडली की सारे गाव चिखल घेऊन धावे, कारण पुढची भरती जेमतेम बारा तासांवर. याच पट्ट्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला, शेते पडीक ठेवली.

मग सरकार आले. १९४८ चा कायदा, १९७९ चा कायदा. आता खांड पडली की अर्ज धावतो. अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी, निधी. तोवर उधाणे काय थांबतात? एकदा खारे पाणी शिरले की पुढचे काही पावसाळे मीठ धुण्यातच जातात.

आणि खांड तशीच राहिली तर शेतात तिवरे उगवतात. तिवरांशी आमचे वैर नाही. ती लाटेचा जोर मोडतात, बांधाबाहेर हवीतच. पण २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीला बंदी केली. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, आणि त्याच शेतातल्या तिवराला हात लावायची सोय नाही! बांध राखायचे काम कुणाचे होते? जमीन गेली कुणाची? २०२२ साली बुलेट ट्रेनसाठी हजारो तिवरे तोडायला त्याच न्यायालयाने परवानगी दिली. ते सार्वजनिक हित. भात पिकवणे मग काय शेतकऱ्याची हौस आहे?

साहेब लोकांना हॉलंडचे भारी कौतुक. १९५३ च्या वादळात तिथे अठराशेवर माणसे बुडाली, मग केवढी धरणे, केवढे दरवाजे! पण तिथल्या पाणी-मंडळांची परंपरा तेराव्या शतकापासूनची आहे, मंडळे पट्टी घेतात आणि पट्टी देणारे मंडळावर माणसे निवडून देतात, हे कुणी सांगत नाही. आपल्या फडात पंच पाटकरी नेमत, तेव्हा हॉलंडला कोण विचारायला गेले होते?

या बैठकीत कापसाच्या ठरावानंतर आम्ही खारबांधाचा ठराव मांडणार आहोत. दुरुस्तीचा पैसा बांधावरच्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या मंडळाच्या हाती द्या, आणि हयगयीने बुडालेल्या जमिनीची भरपाई तिची वन म्हणून नोंद होण्याआधी द्या. फडाचे काम पाहिलेले जुने जाणते असतील त्यांनी जरूर यावे. पेणच्या भावांना पत्र धाडायचे आहे, त्यात पाटकऱ्याची रीत नीट लिहून द्यायची आहे.