संकेतस्थळ संस्थेचे, किल्ली कोणाची?

बारावीचा निकाल लागला की पूर्वी महाविद्यालयाच्या खिडकीपुढे रांगा लागत. आज त्या रांगेचा पहिला टप्पा विद्यार्थी आपल्या गावीच, हातातील मोबाइलवर ओलांडतो. शुल्क किती, कागदपत्रे कोणती, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत केव्हा संपते, वसतिगृहात जागा आहे काय, हे सारे तो संस्थेच्या संकेतस्थळावर शोधतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका शिक्षण संस्थेचे संकेतस्थळ ऐन प्रवेशाच्या आठवड्यात अदृश्य झाले. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे की, संकेतस्थळाचे नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, संस्थेच्या मालकीचे नव्हतेच. ज्या कंत्राटदाराने संकेतस्थळ उभारून दिले, त्याने ते स्वतःच्या नावे नोंदविले होते. देयकावरून उभयतांचे बिनसले, नावाचे वार्षिक नूतनीकरण झाले नाही आणि संस्था एका रात्रीत बेपत्ता झाली. खेड्यापाड्यांतील मुलांनी एस.टी.चे भाडे खर्चून हेलपाटे घातले. ज्यांना ते परवडले नाही, त्यांचे काय झाले याची नोंद कोणी ठेवली नाही.

दोष एकट्या कंत्राटदाराचा होता, असे म्हणता येणार नाही. त्याचे देयक अनेक महिने थकले होते. खरा प्रश्न असा की, जागेचा सातबारा कोणाच्या नावे आहे हे पाहिल्यावाचून पायाचा दगड न बसविणाऱ्या आपल्या संस्था, संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र इतक्या निष्काळजी का राहतात? याचे उत्तर एकच : संकेतस्थळ ही शोभेची बाब आहे, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः ते संस्थेचे कार्यालय आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपण होऊन माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. महाविद्यालयांना मूल्यांकनाचे अहवालही संकेतस्थळावर ठेवावे लागतात. तेव्हा हा विषय संगणक विभागाच्या कोपऱ्यातला नसून नियामक मंडळाच्या विषयपत्रिकेवरचा आहे.

मंडळापुढील पहिला प्रश्न : काम स्वतः करावे की बाहेरून करून घ्यावे? अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली विचारलेला प्रश्न मूलतः हाच होता. बाजारात सर्व काही विकत मिळत असताना उद्योगसंस्था अस्तित्वात का येतात? त्यांचे उत्तर असे की, बाजाराचा वापर फुकट नसतो. योग्य माणूस शोधणे, करार करणे, तो पाळला जातो की नाही हे पाहणे, या सर्वांचा खर्च असतो. ऑलिव्हर विल्यमसन यांनी हा विचार पुढे नेला. करारापूर्वी दहा विक्रेते दारात उभे असतात. करारानंतर, आपले सारे काम त्यातल्या एकाच्याच पद्धतीत गुंतले की, तो एकटाच उरतो व दर तोच ठरवतो. म्हणून सर्वांत कमी दराची निविदा ही सर्वांत स्वस्त असतेच असे नाही. निविदा उघडताना किंमत पाहावी, त्याचबरोबर उद्या हा माणूस सोडायचा झाल्यास काय खर्च येईल, हेही पाहावे.

याचा अर्थ प्रत्येक संस्थेने संगणकतज्ज्ञांची फौज बाळगावी, असा नव्हे. लहान महाविद्यालयाला ते शक्यही नाही. आराखडा, सर्व्हर, सुरक्षा ही कामे खुशाल बाहेर द्यावीत. परंतु तीन गोष्टी कधीही हातच्या सोडू नयेत : डोमेनची नोंदणी, सर्व परवलीचे शब्द आणि मजकुराची संपूर्ण प्रत. शैक्षणिक संस्थांना ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ या वर्गातील नाव ‘अर्नेट इंडिया’कडून घेता येते. ते संस्थेच्या नावे घ्यावे आणि संपर्काचा ई-मेल पदाचा असावा, व्यक्तीचा नव्हे. वर्डप्रेससारखी मुक्त परवान्याची प्रणाली वापरल्यास ती जाणणारा दुसरा माणूस सहज मिळतो. एका कंत्राटदाराच्या खासगी प्रणालीत अडकण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्या संस्थेच्या दहा-वीस शाखा आहेत, तिने एकच संकेतस्थळ ठेवावे की प्रत्येक शाखेला स्वतंत्र संकेतस्थळ द्यावे? ब्रिटनच्या सरकारपुढे हाच पेच होता. खात्या-खात्यांची शेकडो संकेतस्थळे, प्रत्येकाची रचना निराळी, आणि नागरिकाला मात्र कोणते काम कोणत्या खात्याकडे हे ठाऊक नाही. मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० मधील अहवालानंतर एकत्रीकरणाचा निर्णय झाला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच स्थळ सुरू झाले. रचना खात्यांच्या सोयीने न करता नागरिकांच्या गरजेनुसार करावी, हे त्याचे सूत्र. आपल्याकडेही १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी सामाईक प्रणाली सिद्ध केली आहे.

एकत्रीकरणाचे लाभ उघड आहेत : खर्च विभागला जातो, सुरक्षेची व्यवस्था एकदाच करावी लागते. परंतु येथे फ्रीडरिक हायेक यांचा १९४५ मधील इशारा विसरता कामा नये. विशिष्ट स्थळकाळाचे ज्ञान हे त्या ठिकाणच्या माणसापाशीच असते. केंद्राला ते वेळेवर कळत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात पुरामुळे परीक्षा पुढे गेली, ही सूचना मुख्यालयातील अधिकाऱ्याच्या संमतीसाठी तीन दिवस थांबली, तर तिचा उपयोग काय? म्हणून नाव, प्रणाली व सुरक्षा यांचे केंद्रीकरण करावे. मजकुराचे मात्र विकेंद्रीकरण करावे. प्रत्येक पानाखाली ते कोणत्या पदाधिकाऱ्याच्या जबाबदारीचे आहे आणि शेवटचे केव्हा तपासले, हे लिहिलेले असावे.

केवळ पैसा ओतल्याने हे साधत नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आरोग्यविम्यासाठी उभारलेले संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. पैशाची वाण नव्हती, कंत्राटदारांचीही नव्हती. तरीही ते पहिल्याच दिवशी कोलमडले, कारण सर्वांचे काम एकत्र जुळविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे स्पष्ट नव्हते.

आपल्याकडे आणखी एक व्याधी आहे. उद्घाटनाला तरतूद असते, देखभालीला नसते. नळपाणी योजनेची टाकी थाटात बांधावी आणि विजेचे बिल थकल्याने ती कोरडी पडावी, तशीच आपली संकेतस्थळे कोरडी पडतात. मुखपृष्ठावर अध्यक्षांचे छायाचित्र, आत मागील वर्षाचे शुल्क! संकेतस्थळ हा भांडवली खर्च कमी आणि आवर्ती खर्च अधिक आहे, हे अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.

मराठीचा प्रश्नही याच निष्काळजीपणातून उद्भवतो. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला. तरीही आपल्या सूचना जुन्या टंकांत अक्षरजुळणी करून, छापून, सही-शिक्क्यानिशी त्यांचे छायाचित्र काढून चढविल्या जातात. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या संगणकाला तो वाचून दाखविता येत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाला असताना ही केवळ गैरसोय राहत नाही, तो अन्याय ठरतो.

तेव्हा प्रत्येक नियामक मंडळाने येत्या बैठकीत तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. डोमेन कोणाच्या नावे आहे? उद्या कंत्राटदार निघून गेला, तर आठ दिवसांत काम दुसऱ्याकडे सोपविता येईल काय? आणि आज संकेतस्थळावर असलेल्या शुल्काच्या आकड्याला जबाबदार कोण? या उत्तरांसाठी निधी लागत नाही, निविदाही लागत नाही. शहरातील सुस्थित विद्यार्थी संकेतस्थळ बंद असले तरी दूरध्वनी करील, ओळख काढील, वेळ पडल्यास कार्यालयात जाऊन येईल. ज्याला ओळख नाही आणि येण्या-जाण्याचे भाडेही नाही, त्याच्यासाठी संस्थेचा तेवढाच एक दरवाजा आहे. त्याची किल्ली संस्थेच्याच हाती असली पाहिजे.