प्रमाणपत्रे पुरेत, प्रश्न हवेत

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित करणे आणि परिषदांतून दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. २०२२ च्या नियमावलीने ही सक्ती काढली. ते योग्यच झाले. सक्तीपोटी परिषदांचा बाजार भरला होता. दहा मिनिटांत निबंध उरकायचा, भोजन करायचे आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे! प्रश्न विचारण्यास सवड कोणाला होती?

परंतु सक्ती गेली म्हणून सभेत उभे राहण्याची गरज संपली काय? तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी ग्रंथालयात वर्षे काढतो, विषयही त्याला उमगलेला असतो. पण मौखिक परीक्षेत बोलण्याचे धैर्य आयत्या वेळी कोठून येणार? चारचौघांत आपले म्हणणे खोडले जाऊन ते पुन्हा मांडावे लागते, तेव्हाच ते येते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांची परंपरा याच जातीची. टिपण वाचायचे आणि जाणकारांसमोर ते टिकवायचे.

नव्या नियमांतही दर सत्राला शोध सल्लागार समितीपुढे सादरीकरण आहेच. ते बंद दाराआड न उरकता विभागातील सर्व संशोधक विद्यार्थ्यांसमोर का होऊ नये? मराठीत विचार करणाऱ्यास तेथे मराठीत बोलू द्यावे. लेखनासाठीही वर्षातून एक आठवडा निवासी शिबिर भरवावे. सकाळी लेखन, सायंकाळी परस्परांच्या मजकुराची चिरफाड. त्याला फार खर्च येत नाही. मार्गदर्शकांना मात्र तेथे स्वतः बसावे लागेल.