अंगावरून वारं गेलं म्हणजे काय?

कुणाचा हात एकाएकी लुळा पडला की आम्ही नायगावकर अजून म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." मग तेल-मालीश सुरू होते आणि मोलाचा वेळ जातो. पण हे वारे नव्हे. मेंदूची धमनी गुठळीने बंद होते किंवा फुटते.

कोणती धमनी बंद झाली यावर लक्षणे ठरतात. मधली असेल तर तोंड वाकडे होते, पायापेक्षा हात जास्त लुळा पडतो. डावीकडची असेल तर बहुतेकांची वाचाही जाते. पुढची असेल तर हातापेक्षा पाय जास्त जातो. मागची असेल तर दोन्ही डोळ्यांना एका बाजूचे दिसत नाही. मेंदूच्या देठाकडील धमनीत अडथळा आला तर भोवळ येते, तोल जातो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. अशा माणसाला "प्यायलाय" म्हणून हिणवू नका.

धमनी शोधणे डॉक्टरांचे काम. आपले काम घड्याळ पाहण्याचे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावे लागते, तेही रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनमध्ये पाहूनच. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका, चहा-पाणी पाजू नका. माणूस धडधाकट शेवटचा केव्हा दिसला ती वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सीने परळचे केईएम गाठा. दहा मिनिटांत बरे वाटले तरी जा. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

बंधू-भगिनींनो, हे कात्रण दारामागे चिकटवून ठेवा.