कळलावी : अंगणातली आणि डोंगरावरची

नगर-मनमाड रस्त्याने सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर लागते. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. कारखान्यांची आवारे, कामगारांच्या खोल्या आणि नोकरदारांनी कर्ज काढून बांधलेली टुमदार घरे अशी येथील वस्ती आहे. घर झाले की माणसाला अंगणाची आणि अंगण झाले की बागेची ओढ लागते, हे साहजिकच होय. परंतु बाग म्हणजे हिरवळीचा एक चौकोन आणि त्याभोवती रोपवाटिकेतून आणलेली परदेशी शोभेची झाडे, ही जी कल्पना मध्यमवर्गाच्या मनात रुजली आहे, ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर हिरवळीला दिवसाला अवघे पाच मिलिमीटर पाणी दिले तरी पाचशे लिटर लागतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दर दिवशी पंचावन्न लिटरचे प्रमाण ठरविले. म्हणजे ही हिरवळ रोज नऊ माणसांचे पाणी पिते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत तिच्यावर साठ हजार लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे सहा टँकर खर्ची पडतात. २०२४ साली अहिल्यानगर हे नाव धारण केलेले नगर शहर आपली तहान मुळा धरणावर भागविते, आणि जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग पर्जन्यछायेत मोडतो. अशा ठिकाणी उन्हाळ्यातली हिरवळ ही शोभा नव्हे, उधळपट्टी ठरते.

मग येथे बागच करू नये काय? जमीन खडकाळ, पाणी अपुरे, म्हणून फुलांचा विचारच सोडावा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना याच शहराच्या इतिहासाची आठवण द्यावी लागेल. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. १९४४ साली तेथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी त्यांनी आपल्या बागकामाचा उल्लेख केला आहे. दगडगोटे आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा यांनी भरलेली ती जमीन खणून त्यांनी भर उन्हात फुलांचे वाफे तयार केले. तेव्हा प्रश्न जमिनीचा नाही. त्या जमिनीला आणि त्या पावसाला मानवेल असे झाड निवडण्याचा आहे.

असे एक झाड येथल्याच रानात आहे. कळलावी, खड्यानाग, अग्निशिखा अशा अनेक नावांनी ते ओळखले जाते. जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यातील डोंगरांत पावसाळा स्थिरावला की झुडपांच्या आधाराने हा वेल वर चढतो. वर चढण्याची त्याची रीतही न्यारी आहे. त्याच्या पानाचे टोकच लांबून वळते आणि जवळच्या काडीला विळखा घालते. फुलाच्या सहा पाकळ्या खाली न झुकता मागे, वर वळतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. प्रथम हिरवट, मग पिवळा, मग नारिंगी आणि शेवटी लालभडक असा रंग पालटत जाणारे ते फूल पेटत्या ज्वाळेसारखे दिसते. अग्निशिखा हे नाव त्याला शोभते ते याचमुळे. कोकणात गौरींच्या पूजेत या फुलाला मान आहे, तर आफ्रिकेतील झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे.

कळलावी या नावाने मात्र तिचे नुकसान केले आहे. वैद्यकाच्या जुन्या परंपरेत प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी हिच्या कंदाचा उपयोग होत असे, त्यावरून हे नाव पडले. परंतु मराठीत कळ म्हणजे जशी वेदना, तसेच भांडणही. त्यामुळे ही वेल दारी लावली तर घरात कलह माजतो, असा समज पसरला. एका श्लेषापायी इतके देखणे फूल अंगणाबाहेर राहावे, हे शिकलेल्या घरांना तरी भूषणावह नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या वेलीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे वेळापत्रक. जूनच्या पावसाबरोबर ती जमिनीतून वर येते, श्रावण-भाद्रपदात फुलते आणि पाऊस सरल्यावर पिवळी पडून वाळून जाते. त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत तिचा कंद मातीखाली झोपलेला असतो. या काळात तिला पाणी नको असते. इतकेच नव्हे, पाणी दिल्यास तो कुजतो. ज्या महिन्यांत नगर जिल्ह्यात टँकरची चर्चा चालू असते, नेमके त्याच महिन्यांत काहीही न मागणारे हे झाड आहे. वेल वाळली म्हणजे मेली, असे समजून कुंडी रिकामी करणारे बागप्रेमी मात्र फसतात. येथे काळजी घेणे म्हणजे बरेचदा हात आवरणे होय.

लागवडीची रीत अवघड नाही. हिचा कंद नांगराच्या फाळासारखा, दोन हातांचा असतो; संस्कृतातील लांगली हे नाव त्यावरूनच आले. प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला तर कंद फुटत नाही, म्हणून तो जपून हाताळावा लागतो. मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी कंद आडवा ठेवून त्यावर दोन-तीन इंच माती घालावी. नगरकडची काळी, चिकण माती या वेलीला मानवत नाही; तिच्यात पाणी साचते. म्हणून मातीत निम्म्याच्या आसपास वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. अंगण नसलेल्यांना फूटभर खोल कुंडी किंवा बुडाला भोके पाडलेला पत्र्याचा डबाही पुरतो. मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन ही तिची आवड असल्याने कुंपणाच्या आडोशाची जागा उत्तम. आधार बारीक काड्यांचा हवा, कारण पानाचे टोक जाड बांबूला विळखा घालू शकत नाही. तुराट्यांची जाळी यासाठी सर्वांत सोयीची आणि फुकटची. पावसाने ओढ दिली तर आठवड्यातून एक-दोनदा पाणी द्यावे. काळसर अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली एक अळी पाने फस्त करते. ती काडीने वेचून काढली की पुरे, औषध फवारण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ही वेल विषारी आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. कंद रताळ्यासारखा भासतो आणि चुकून खाण्यात आला तर प्राणावर बेतते. म्हणून ज्या घरात रांगती मुले आहेत किंवा गुरे मोकळी फिरतात, तेथे ती लावू नये. प्राथमिक शाळेच्या बागेतही तिला स्थान नसावे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत, कुंडीवर नाव आणि ‘विषारी’ हा शब्द ठळक लिहावा, आणि कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. घरगुती औषध म्हणूनही तिचा वापर कोणी करू नये. कण्हेर आणि धोतरा यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या समाजाला ही सावधगिरी अशक्य नाही. पण तिच्यावाचून ही हौस करता कामा नये.

ज्या द्रव्याने ती विषारी झाली, त्याच द्रव्याने तिला बाजारभावही मिळवून दिला. कोल्चिसिनचा उपयोग वातरक्तासारख्या सांधेदुखीच्या विकारात होतो. १९३७ साली वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्याचा त्याचा गुण प्रसिद्ध झाल्यापासून पिकांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या संशोधकांनाही ते हवे असते. तामिळनाडूने या वेलीला राज्यफुलाचा मान दिला आहे, आणि तेथील कोरडवाहू भागांत शेतकरी बियांसाठी तिची रीतसर लागवड करतात. हे बी औषध कारखान्यांकडे व परदेशी जाते. रानफूलही शेतकऱ्याचे पीक होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

परंतु या व्यवहाराला दुसरी बाजू आहे. लागवडीसाठी आणि औषधासाठी लागणारे कंद पुष्कळदा रानातूनच खणून आणले गेले. बागेच्या हौसेतही हेच घडू शकते. रोपवाटिकेत कंद स्वस्त मिळाला की ग्राहक संतुष्ट होतो. तो स्वस्त का, हे विचारीत नाही. डोंगरातून आणलेल्या कंदाच्या किमतीत खणणाऱ्याची मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा एवढेच धरलेले असते. बीपासून तो कंद फुलण्याजोगा होण्यास लागलेली तीन-चार वर्षे त्या किमतीत कोठेच नसतात. त्या वर्षांचे देणे डोंगर भरतो. जगाच्या पाठीवर कळलावी दुर्मिळ नाही, हे खरे. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती पसरली आहे. पण एखाद्या विशिष्ट टेकडीवरचे कंद संपले की त्या टेकडीपुरती ती संपतेच, आणि जगातील आकडेवारी त्या गावाच्या उपयोगी पडत नाही.

जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, आणि म्हणून ते ओरबाडले जाते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. हा विनाश अटळ नाही, गावे स्वतः नियम करून सामायिक संपत्ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नगरकरांना हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथांची गरज नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या याच जिल्ह्यातील गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगर पुन्हा हिरवे केले. हिवरे बाजार तर दरवर्षी उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविते. कुऱ्हाडीला जो नियम लागू, तो कंद खणणाऱ्या कुदळीला का नसावा? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही यांची तरतूद केली आहे. गावच्या टेकडीवर कळलावी कोठे उगवते, किती उगवते, हे त्या नोंदवहीत उतरविण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांचे अध्यापक सहज करू शकतील.

अंगणातल्या बागेपुरता मार्ग स्पष्ट आहे. डोंगरातून कंद उपटून आणू नये. रोपवाटिकेत कंद घेताना तो लागवडीतला आहे काय, हे विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास घेऊ नये. ज्यांच्याकडे वेल आहे त्यांनी बी धरावे. या फुलाची कुक्षी देठाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जाते, त्यामुळे आपोआप बी धरण्याचा भरवसा नसतो. सकाळी एका वेलीच्या फुलातील पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या कुक्षीला लावल्यास शेंगा धरतात. शेंग सुकून उकलू लागली की आतील तांबडे बी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी जपून ठेवावे आणि पुढच्या पावसाळ्यात पेरावे. ते उगवायला महिने लागतात, फुलायला तीन-चार वर्षे. एवढी वाट पाहणे कोणाला जमेल, असा प्रश्न निघेल. वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर बांधणाऱ्या माणसाला ते जमण्यास हरकत नसावी.

नागापूरसारख्या वसाहतीतील शंभर अंगणांत अशी बीपासून वाढलेली वेल उभी राहिली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कंद देण्याची सोय तेथल्या तेथे होईल. मग पुढच्या माणसाला डोंगराकडे जाण्याचे कारण उरणार नाही. भर उन्हाळ्यात पाण्याचा थेंबही न मागणारी बाग करणे आणि टेकडीवरचा कंद टेकडीवरच राहू देणे, या दोन गोष्टी एकाच हिशेबात साधतात. तो हिशेब या जूनपासून मांडायला घ्यावा.